खुणेच्या दोन हात वर

जाताना त्यांनी तीनदा विचारलं, खात्री आहे का?
एवढं तर लग्नाच्या वेळी
मला कुणी विचारलं नव्हतं.

अकरा वर्षं एका झिप फाइलमध्ये बसली.
हळदीचे भाव, पोराचा पहिला दात,
हरिपूरच्या चिंचांखालचे आम्ही चौघे,
आणि विलासदादाच्या वाढदिवसाला दरवर्षी येणारी सूचना,
त्याला शुभेच्छा द्या म्हणून,
तो जाऊन सहा वर्षं झाली तरी.

बिनसलं कशावरून, ते सांगते.
त्या ऑगस्टात आयर्विन पुलावर उभी राहून मी लिहिलं होतं,
पाणी अडतीस फूट, चढतंय,
गावभागातल्यांनी सामान वर घ्या.
सव्वीस जणांना दिसलं.
त्याच आठवड्यातल्या माझ्या भडंगाच्या फोटोला
चारशे अंगठे.
आणि पाणी ओसरून आम्ही चिखल खरवडत असताना,
आठव्या दिवशी,
नजमाच्या फोनवर ते उगवलं, अगदी वर:
पाणी अडतीस फूट, चढतंय.
ती फावडं टाकून जिना चढली.
मग खाली आली आणि माझ्याकडे बघून हसली.
ते हसू मला अजून पचलेलं नाही.

सन्मती मगदूम वखारभागात
पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो.
दुकानाच्या भिंतीवर निळी रेघ आहे, त्या वर्षीच्या पुराची.
रेघेच्या दोन हात वर माळा,
माळ्यावर तांब्याच्या तारेची रिळं,
रिळांच्या मधे बुटाच्या खोक्याएवढा जुना संगणक,
झाकण काढलेला.
हे आपलं गाव, तो म्हणाला.
आणि बाकीचं जग?
त्यांची त्यांची घरं आहेत की.
बह्याला एका मास्तरांचं, भिलवडीला डेअरीतल्या पोरांचं,
तिकडं फिनलंडात एका बाईंचं.
दार कुणाचंही असू दे, हाक पोचते.
मालक कोण?
तो पकडीनं तार तोडत होता.
म्हणाला, लाइट बिल मी भरतो, एवढंच.

एकतीस जण आम्ही.
पहिले दोन आठवडे नुसती डोकावून यायची,
मारुती रोडवर बंद शटरांसमोरनं जावं तशी.
किती जणांनी पाहिलं, त्याचा आकडा नाही.
बोटाला सवय लागलेली, ते ओढत राहायचं
आणि चार ओळींत जग संपायचं.
पुण्याहून धाकटी विचारते,
दिसत नाहीस हल्ली, बरी आहेस ना?
बरी आहे, फोन कर, म्हटलं.
तिनं अजून केलेला नाही.

खोटं कशाला बोलू,
एकदा परत जाऊन आले.
दादाचं पान बाहेरून दिसलं.
कुणीतरी केक चिकटवला होता.

आणि लाइट गेली की आमचं गाव सबंध बंद.
सन्मती शटरवर खडूनं लिहितो: माळा बंद, महावितरण.
मागं इन्व्हर्टरसाठी वर्गणी काढली, मी दोनशे दिले.
त्या मोठ्या जागेला
कधी एक रुपया दिला नाही,
असं मला इतकी वर्षं वाटायचं.

काल रात्री दोन ओळी आल्या, एकीखाली एक,
लिहिल्या त्याच क्रमानं.
बह्याचे मास्तर: बंधाऱ्यावरून पाणी जायला लागलं. पावणेदहा.
भिलवडी: घाटाच्या अकरा पायऱ्या उघड्या. साडेबारा.

पहाटे छत्री घेऊन पुलावर गेले,
आकडे रंगवलेल्या खांबावर टॉर्च मारला,
आणि लिहिलं: सांगली. बावीस फूट. सावकाश चढतंय.
मग तिथंच थांबले, फोन हातात धरून.
जुनी खोड.

पाचेक मिनिटांनी, खालच्या अंगाला,
म्हैसाळहून कुणी अनोळखी माणसानं लिहिलं:
कळलं.